गल्लीत आकड्या-अक्षरांची कोडी-स्पर्धा कशी घ्यावी

कोल्हापुरात गणपतीच्या दिवसांत आरती झाली की तालमीसमोर पोरं, बायका, म्हातारी माणसं तासभर रेंगाळतात. तेवढा तास कोडी-स्पर्धेला पुरतो. फळा, खडू आणि दर संघाला एक पाटी, एवढंच सामान लागतं.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्न काढायला द्या. पहिल्या वर्षी आम्ही फळ्यावर २, ४, ८ लिहून पुढचा आकडा विचारला. एका संघानं १६ लिहिलं, दुसऱ्यानं १४. पहिल्यांनी दुप्पट केली होती, दुसऱ्यांनी आधी २, मग ४ आणि मग ६ मिळवले होते. दोन्ही बरोबरच. पण आमच्या कागदावर १६ होतं, म्हणून १४ ला शून्य दिलं. ते उत्तर लिहिणारी मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. चूक आमची होती, आणि ती मला अजून लागते.

तेव्हापासून उत्तराला एक गुण आणि कारणाला दोन. कारण पटलं की कागदावर नसलेलं उत्तरही बरोबर धरायचं. निदान पाच आकडे द्या, तरी गाफील राहू नका. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडत गेलं तर आतले तुकडे जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ होतात आणि सहाव्या बिंदूला ३२ नव्हे, ३१! म्हणून स्पर्धेआधी प्रश्न न पाहिलेल्या दोघांकडून ते सोडवून घ्या. दोघांची उत्तरं वेगळी आली तर आणखी एक आकडा वाढवा, नाहीतर तो प्रश्न काढून टाका.

अक्षरांची कोडी मराठीतच रचा, इंग्रजीवरून उचलू नका. आपली वर्णमाला रांगेत मांडलेली आहे, तिचा फायदा घ्या. क, छ, ड, ध, पुढे काय? क-वर्गातलं पहिलं, च-वर्गातलं दुसरं, असं तिरकं उतरत गेलं की म येतो. फळ्यावर पाचही वर्ग एकाखाली एक लिहून दाखवा, लहान मुलं खूश होतात.

मला सगळ्यात आवडतं ते हे: ३, २, २, २, ३, २, ३, ३, ४, २. आकड्यांत कितीही डोकं घातलं तरी सुटत नाही, कारण ही अकरा ते वीस या शब्दांतली अक्षरं आहेत. पुढचा आकडा ४, एकवीसचा. एक ते दहा मात्र प्रत्येक शब्द दोनच अक्षरांचा, मोजून बघा. अशा कोड्यांआधी नियम मोठ्यानं सांगा: काना-मात्रा वेगळी धरायची नाही, जोडाक्षर एकच. उलटसुलट सारखी वाक्यं करायला सांगितली, ‘टेप आणा आपटे’सारखी, तर ऱ्हस्व-दीर्घाची सूट आहे का, तेही आधीच ठरवा. वाद इथेच होतात.

संघ चौघांचा, त्यात एक शाळकरी आणि एक आजी किंवा आजोबा हवेतच. चै, वै, ज्ये, आ ही महिन्यांची रांग आजीच पटकन ओळखते. दर प्रश्नाला तीन मिनिटं, मग सगळ्यांनी एकदम पाटी वर धरायची. आधी कोण ओरडलं हा प्रश्नच उरत नाही. तासाला आठ-दहा प्रश्न पुरे.

एक फेरी गाडीच्या नंबरची ठेवा. एमएच ०९ नंतरचे शेवटचे चार आकडे घ्या, समजा ३५२४. चढत्या आणि उतरत्या क्रमानं लावून वजाबाकी करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. तेच पुन्हा: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. चारही आकडे सारखे नसले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक गाडी तिथं पोचते. शोध देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा, हे मुलांना जरूर सांगा. ज्याच्या गाडीला जास्त पायऱ्या लागतील त्याचा संघ जिंकला.

शेवटी बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकू नका. दोन्ही संघांना पाच मिनिटं द्या आणि एकमेकांसाठी एकेक कोडं रचायला लावा.