काओर ते काओर: लॉत आणि सेलेच्या खोऱ्यात चार दिवस सायकल कशी चालवावी

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याला आल्प्सचे घाट दिसायला लागतात. सिंहगड एका दमात चढला की पुण्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याला तेच स्वप्न पडतं. माझं ऐकाल तर पहिल्या खेपेला घाटांच्या नादी लागू नका, एखाद्या नदीचं खोरं धरा. नैऋत्य फ्रान्समधली लॉत नदी आणि तिला मिळणारी सेले या दोघींच्या काठाने साधारण दीडशे किलोमीटरची फेरी होते. काओरहून निघायचं आणि काओरलाच परत यायचं. रोज तीस ते पन्नास किलोमीटर. पानशेतपर्यंत जाऊन-येऊन करणाऱ्याला पायांची चिंता नको. चिंता करायची ती घड्याळाची, ती का ते पुढे येईलच.

या भागाचं गणित सोपं आहे. वर चुनखडीचं पठार आहे, त्याला तिथे 'कॉस' म्हणतात. नद्यांनी ते कापत कापत खोल नागमोडी खोरी केली आहेत. रस्ता नदीला धरून असेल तोवर जवळजवळ सपाट, नदी सोडली की चढ. नकाशात एखादं गाव काठापासून लांब दिसलं, तर तिथे जेवायला जाण्याआधी दोनदा विचार करा.

कधी जावं

मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पांढरे कडे तव्यासारखे तापतात आणि भाड्याच्या मोटारींची वर्दळ वाढते. शरदात खोऱ्यात धुकं साचतं, सकाळी बराच वेळ नदीही दिसत नाही. तेव्हा गेलात तर मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. काओरच्या कॅथेड्रलसमोर बुधवारी आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो, म्हणून यापैकी एका दिवशी निघालेलं बरं. अक्रोड, जर्दाळू आणि तळहाताएवढं बकरीचं रोकामादूर चीज घेतलं की पहिल्या दिवसाची शिदोरी झाली.

सायकल हातात आल्यावर

भाड्याची घेत असाल तर दुकानातून बाहेर पडण्याआधी पुढचं चाक उचलून फिरवा आणि एकेक ब्रेक दाबून बघा. आपल्या साध्या सायकलींना बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. ऐन उतारावर सवयीने चुकीचा ब्रेक करकचून दाबला तर हँडलवरून पुढे जाल. मी पहिला अर्धा तास एका मोकळ्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरण्यात घालवला. दुकानदार काचेतून बघत होता. बघू दे.

टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. इथले छोटे रस्ते वाईट नसतात, पण पुष्कळ ठिकाणी डांबरावर बारीक खडी दाबून बसवलेली असते आणि बारीक टायरला तिचा प्रत्येक दाणा मनगटात जाणवतो. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक लांब तोंडाचा असेल तर पंप त्याला बसतो का ते आधीच बघा. दोन ट्यूब, टायर काढायचे लीव्हर, एक पातळ जाकीट आणि दोन बाटल्या एवढं पुरे. मागे हलका गिअर असू द्या, कारण तिसऱ्या दिवसाच्या शेवटी सँ-सिर्क गावाचा चढ येतो.

उजवीकडून चालायची सवय

सरळ रस्त्यावर चूक होत नाही. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना. फोटोसाठी थांबलात, पाणी प्यायलात, सायकलवर बसलात की पाय आपोआप डावी बाजू धरतात. मी हँडलच्या उजव्या टोकाला लाल दोरा बांधला होता. बालिश वाटेल, पण दोनदा वाचलो.

वर्तुळाकार चौकात वाहनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. गावात पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा पहिला हक्क, मग ती गल्ली गोठ्यातून निघालेली का असेना. पांढऱ्या कडेची पिवळी चौकट टोकावर उभी दिसली तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात आणि हक्क तुमचा. गावाबाहेर मोटारीने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, असा कायदा आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. पहिल्या दिवशी मागून आलेली गाडी हॉर्न न वाजवता मिनिटभर मागेच राहिली, तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय. ती फक्त वळण संपायची वाट बघत होती.

कानात इअरफोन घालून सायकल चालवायला तिथे बंदी आहे. रात्री किंवा कमी उजेडात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट बंधनकारक आहे, तुम्हीही घालाच. चाकाखालून खडे उडताना दाखवलेली पाटी आली की वेग कमी करा: पुढे ताजी सुटी खडी आहे आणि वळणावर ती चाकाला धरून ठेवत नाही.

खोऱ्याचं घड्याळ

पुस्तकी तयारी करून गेलेला माणूस इथे हमखास फसतो. मी फसलो. सेलेकाठच्या एका गावात पावणेएकला पोचलो, पोटात कावळे ओरडत होते. बेकरीचं लोखंडी शटर माझ्यासमोर, अगदी हाताच्या अंतरावर खाली आलं. आत ताज्या पावाचा वास, बाहेर मी. किराणा बंद, पोस्ट बंद, रस्त्यावर एक मांजर. तीन वाजेपर्यंत हीच अवस्था. आपल्याकडच्या एक ते चारची थट्टा करणाऱ्यांनी एकदा फ्रेंच खेड्यात जाऊन यावं.

म्हणून दिवस असा लावा. सकाळी निघतानाच बेकरीत जा. दारातून आत पाऊल टाकताच 'बाँझूर' म्हणा, मगच काय हवं ते सांगा. न बोलता बोट दाखवलं तर बाई पाव देईल, पण चेहरा आंबट करून. एक 'बागेत', म्हणजे दांड्यासारखा लांब पाव, मागच्या सामानावर दोरीत अडकवा, एखादा सफरचंदाचं सारण भरलेला शोसाँ खिशात टाका. पुष्कळ बेकऱ्या आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बऱ्याचदा सोमवारी. उद्या उघडी कुठली ते आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा. हॉटेलात जेवायचं असेल तर बारा ते दीड. पावणेदोनला गेलात तर स्वयंपाकी ओटा पुसत असतो.

शाकाहारी असाल तर सॅलडवर भरवसा ठेवू नका. इथल्या सॅलडमध्ये बदकाच्या जठराचे तुकडे म्हणजे 'झेझिए' किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे म्हणजे 'लार्दों' राजरोस असतात, आणि हिरव्या पानांत ते मशरूमसारखे दिसतात. 'साँ व्हियांद' म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणूनही हे दोन शब्द वेगळे उच्चारून 'नको' सांगा. घरून नेलेला चिवडा पहिल्या दोन दिवसांत संपवू नका.

पाण्यासाठी नळावर 'ओ पोताब्ल' लिहिलं असेल तर प्यायचं, मध्ये 'नाँ' आला तर फक्त तोंड धुवायचं. नळ सापडला नाही तर कब्रस्तान गाठा. फुलांना घालण्यासाठी तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो, आणि फ्रेंच सायकलस्वारही तिथेच बाटल्या भरतात. पाटी मात्र तिथेही वाचायची.

चार दिवस, एकेक करून

पहिल्या दिवशी काओरहून नदीच्या वरच्या अंगाला निघा. व्हेर गावापर्यंत रस्ता क्रमांक डी ६५३, तिथून डी ६६२. डी म्हणजे आपल्या जिल्हा मार्गासारखे रस्ते, किलोमीटरच्या दगडांना पिवळी टोपी असते. पहिले काही किलोमीटर शहराची रहदारी आहे, ते मुकाट्याने उरका. काँदुशेपाशी सेले लॉतला मिळते. तिथे डावीकडे वळून डी ४१ धरला की आवाज एकदम थांबतो. चार किलोमीटरवर काब्रेरे, मुक्काम तिथेच.

गावाच्या वर पेश मेर्लची गुहा आहे. १९२२ मध्ये दोन पोरांना ती सापडली. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्याभोवती हाताचे ठसे. दिवसाला ७०० जणांनाच आत सोडतात, त्यामुळे तिकीट आधीच काढा. गुहेपर्यंतचा चढ छोटा पण खडा आहे. घामाने भिजलेल्या अंगाने आत जाऊ नका, तिथे बाराच अंश तापमान असतं. जाकीट यासाठी.

दुसरा दिवस या फेरीचा जीव आहे. काब्रेरे ते फिझाक, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, सगळा सेलेकाठ. इथे घाई करणाऱ्याला काय म्हणावं! मार्सियाकला जुन्या मठाचे अवशेष आहेत, छप्पर नसलेल्या कमानींतून आकाश दिसतं. पुढे साँ-सुल्पिसमध्ये घरं कड्याच्या पोटात शिरलेली, वरचा खडकच त्यांचं छप्पर. एस्पान्याकला चर्चचा लाकडी चौकटींचा, टोपी घातल्यासारखा मनोरा बघायला मुख्य रस्ता सोडून पूल ओलांडावा लागतो. ओलांडा. संध्याकाळी फिझाकमध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियोंचं जन्मगाव पाहा. १७९० साली तो इथे जन्मला, म्हणून एका चौकात, ही लिपी उलगडायला जिचा आधार मिळाला त्या रोझेटा शिळेची भली मोठी काळी प्रतिकृती जमिनीवर पसरली आहे आणि लोक तिच्यावरून चालतात.

तिसऱ्या दिवशी सुरुवातीलाच फेसेलचा चढ, मग खाली लॉतकाठी उतार. ब्रेक कुठल्या हाताला कुठला ते इथे आठवा. डी ६६२ वरूनच काझार्क, लार्नागोल असं करत तूर-द-फोर. आता नदीच्या प्रवाहाबरोबर जाता, थकलेल्या पायांना तेवढाच आधार. तिथला पूल ओलांडून सँ-सिर्क-लापोपीचा चढ. गाव नदीपासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर बसलंय आणि दिवसभर पर्यटकांनी गजबजलेलं असतं. पाचनंतर पोचा, रात्र तिथेच काढा. सकाळी सातला त्या गल्ल्यांत फक्त पाकोळ्या असतात.

चौथ्या दिवशी डी ४० वरून बूझिएसला उतरा. तिथे कड्यात कोरलेली जुनी वाट आहे, पूर्वी होड्या काठावरून ओढत नेण्यासाठी केलेली. ती चालण्यासाठी आहे. सायकल कुलूप लावून ठेवा, अर्धा तास पायी जाऊन या. मग अरुंद झुलता पूल ओलांडून मुख्य रस्त्याला लागा आणि काओर.

वाटेत 'रूत बारे' म्हणजे रस्ता बंद अशी पाटी आली तर मोटारींसाठी दाखवलेल्या वळणावर आंधळेपणाने जाऊ नका, ते थेट पठारावर चढवतं. आधी कामगारांना विचारा. कधीकधी सायकल हातात धरून पलीकडे जाऊ देतात, नाही म्हणाले तर मात्र चढा.

परतताना

काओरला व्हालाँत्रे पुलाच्या मधल्या मनोऱ्याकडे मान वर करून बघा. चौदाव्या शतकातल्या या पुलाबद्दल अशी गोष्ट सांगतात की बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला आणि शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला लावून गंडवलं. चिडलेला सैतान म्हणे रोज रात्री एक दगड काढून न्यायचा. १८७९ च्या डागडुजीत त्या जागी दगडाला लटकलेला छोटा सैतानच कोरून बसवला. शोधायला वेळ लागतो, दुर्बीण असेल तर काढा.

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकाची थेट गाडी काओरला थांबते, पाच तासांहून थोडा जास्त प्रवास आहे. सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्या असतात, म्हणून तिकिटाबरोबरच ते काढा. फलाटावर वीस मिनिटं आधी पोचा, पिशव्या सायकलवरून उतरवून ठेवा आणि सायकलचा डबा कुठे लागणार ते विचारून तिथेच उभे राहा.