शाळेची इमारत दुरुस्त करायची आहे? रंगाचं कार्ड आधी बाजूला ठेवा

शाळेच्या दुरुस्तीची पहिली बैठक हमखास रंगाच्या कार्डावरून सुरू होते. एका विश्वस्तांना फिका पिवळा हवा असतो, दुसऱ्यांना प्रवेशद्वारावर कमान. मी स्थापत्य अभियंता आहे, जुन्या शाळांची कामं करते, आणि ते कार्ड मी मुकाट्याने उचलून फायलीखाली सरकवते. पाणी कुठून येतंय ते आधी ठरू द्या.

इमारतीची फेरी पाऊस चालू असताना मारा. सोबत मुख्याध्यापक आले तर उत्तम, पण शिपाईमामा आणि सफाईच्या मावशी हव्यातच. कुठल्या वर्गात बादली ठेवावी लागते, कुठल्या स्वच्छतागृहाचं पाणी खालच्या मजल्यावर उतरतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. वहीत खोलीवार लिहून घ्या. छताचा जो डाग फक्त पावसात वाढतो, तो बहुधा गच्चीचा. बाराही महिने ओली राहणारी भिंत दिसली की पलीकडे नळ किंवा मोरी आहे का बघा. तळमजल्यावर गुडघ्यापर्यंत ओल आणि तिच्या वर पांढरी क्षाराची रेघ असेल तर पाणी बहुतेक जमिनीतून चढतंय. तिन्हींचे उपाय वेगळे. 'वॉटरप्रूफिंग' असं एका ओळीत लिहून खाली आकडा टाकणाऱ्या कंत्राटदाराला मी परत पाठवते.

मग हातोडी घ्या, लहानशी. बीमच्या तळाला, कॉलमच्या कोपऱ्यांना हलकेच ठोकत चला. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द आवाजाच्या जागी आत सळई गंजली असण्याची शक्यता मोठी. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर नुसता गिलावा थापला की पुढचा पोपडा आणखी जाड होऊन पडतो, आणि खाली बाकं असतात. नव्याने फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे धड काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन, शिंपडून दाखवायला सांगा. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून सळईला गंजापासून सांभाळतंय. रंग न चढलेला पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर ते संरक्षण संपलं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख टाका. काही आठवड्यांत भेग रेघेपलीकडे गेली, तर संरचना अभियंत्याने पाहिल्याशिवाय तिथे एकही वीट हलवायची नाही.

इमारत कशाची बनली आहे हेही कागदावर हवं. इंग्लंडमध्ये 2023 साली शाळा उघडायला मोजके दिवस उरले असताना शंभराहून जास्त शाळांना इमारतींचे काही भाग बंद करावे लागले, कारण छतांत हवेच्या बुडबुड्यांचं हलकं काँक्रीट होतं आणि त्याचा भरवसा उरला नव्हता. तेव्हा जुने नकाशे शोधा, नसतील तर मोजमाप घेऊन नवे काढा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲसबेस्टॉस आहे असं धरून चाला. तपासणी होईपर्यंत त्यांना छिद्र पाडायचं नाही की तोडायचं नाही. जुना रंगही तपासून घ्या. त्यात शिसं असेल तर कोरडं घासणं बंद.

आता यादी. मी कामांचे तीन गठ्ठे करते: मुलांच्या जिवाशी संबंध असलेली, इमारतीचं आयुष्य वाढवणारी, आणि शोभेची. खासगी शाळेत इथेच गाडं अडतं. देणगीदाराला नाव लावायला सभागृह हवं असतं. सांडपाण्याच्या नळावर पाटी कोण लावणार? माझा उपाय सोपा आहे. देणगीचा प्रस्ताव करताना गच्ची, नळ आणि सभागृह एकाच कामात बांधा, सुटे विकू नका. पालकांनाही पहिल्या गठ्ठ्याची यादी दाखवा. शुल्क त्यांच्याच खिशातून येतं, आणि बंद खोलीत ठरलेल्या कामावर तक्रारी जास्त येतात.

वेळापत्रक शाळा उघडण्याच्या दिवसापासून उलटं मांडा. समजा सुट्टी सहा आठवड्यांची आहे. शेवटचा आठवडा सफाई, बाकं लावणं आणि वास जाणं यासाठी मोकळा. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं, मग वाळायला साधारण चार आठवडे. झाली की सुट्टी पूर्ण! तोडफोड आणि सळईचं काम अजून हिशेबात आलेलंच नाही. म्हणून मी स्पष्ट सांगते: या सुट्टीत गच्ची, तोडफोड, सळई आणि गिलावा; रंग पुढच्या सुट्टीत. विश्वस्तांचे चेहरे पडतात, पण ओल्या गिलाव्यावर घाईने मारलेला रंग फुगतो आणि तोच खर्च पुन्हा होतो. हे जमवायचं तर निविदा, कंत्राटदार आणि खिडक्या-फरश्यांची मागणी सुट्टी लागण्याआधीच उरकलेली हवी. गच्चीचं काम झाल्यावर पाण्याच्या वाटा बुजवून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा आणि खालून छत बघा. ही चाचणी निविदेतच लिहा.

काम शाळा सुरू झाल्यावरही चालणार असेल तर कामगारांची ये-जा वेगळ्या फाटकातून ठेवा, परांचीभोवती पक्कं कुंपण घाला, राडारोडा रोजच्या रोज हलवा. परीक्षेच्या दिवसांत काँक्रीट फोडायचा ब्रेकर बंद. स्वच्छतागृहं सगळी एकदम कधीच फोडू नका.

भिंती उघडल्याच आहेत तर वायरिंग आताच बदला आणि वर्गांच्या सर्किटला 30 मिलीअँपिअरच्या वीजगळतीला प्रवाह तोडणारा संरक्षक बसवा. कठड्याच्या गजांमधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, आणि आडवे गज नकोत, मुलं त्यावर चढतात. रॅम्पचा हिशेब नकाशावरच करा: जोतं 45 सेंटिमीटर असेल आणि उतार 1:12 धरला तर 5.4 मीटर लांबी लागते, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. जागा नाही म्हणून उभट रॅम्प बांधलेले मी पाहिले आहेत. चाकाची खुर्ची त्यावरून एकट्याला नेता येत नाही.

पैशांबाबत थोडक्यात. जुन्या इमारतीत भिंत फोडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणून अंदाजपत्रकात दहा ते पंधरा टक्के राखून ठेवा आणि तो आकडा कंत्राटदाराला सांगू नका. सळई-काँक्रीटची दुरुस्ती चौरस फुटांवर मोजायची तर फोडल्यानंतर आणि भरण्याआधी, दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी आणि फोटोंसह मोजा. बिलातली थोडी रक्कम पुढचा पावसाळा जाईपर्यंत अडवून ठेवण्याची अट करारात घाला. नळ आणि वायरी प्रत्यक्षात कुठून गेल्या त्याचे नकाशे, वापरलेल्या मालाची नावं आणि हमीपत्रं शेवटच्या बिलाआधी ताब्यात घ्या, आणि एक प्रत शिपाईमामांच्या कपाटात ठेवा.