एकाच प्रतीच्या सात ओळी

जँगो (पायथॉनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) शिकत होतो तेव्हाच इंदूरच्या एका मराठी वाचनालयाची यादी करून द्यायचं काम अंगावर घेतलं. पैसे नव्हते, पण तीन टेबलं होती: पुस्तक, लेखक आणि देवघेव. शिकायला तेवढी पुरतात.

लेखकवार यादीसाठी ऑर्डर-बायमध्ये, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या आज्ञेत, नुसतं 'लेखक' लिहिलं आणि क्रम भलताच लागला. लेखकाच्या मॉडेलमध्ये (टेबलाचं वर्णन करणाऱ्या कोडमध्ये) मेटा ऑर्डरिंग, म्हणजे ठरलेला क्रम, दिलेलं नसेल तर जँगो आयडी धरतो, म्हणजे लेखक ज्या क्रमाने भरले तो क्रम. 'लेखक', जोडून दोन अंडरस्कोअर, मग 'आडनाव' लिहिलं की काम होतं. एकच अंडरस्कोअर पडला तर फील्ड-एरर येतो. तो परवडला, दिसतो तरी.

ग्रंथपाल काकांना अलीकडे गेलेली पुस्तकं वर हवी होती. मी देवघेवीच्या तारखेवर उलटा क्रम लावला. काकांनी चष्मा वर केला. "अरे, याची आपल्याकडे एकच प्रत आहे. सात कुठून आणल्यास?"

ते पुस्तक सातदा गेलं होतं. पुस्तकाला लेखक एक, पण देवघेवी अनेक. जॉइन झाला, म्हणजे दोन टेबलं जोडली गेली, की प्रत्येक देवघेवीमागे पुस्तकाची एक ओळ. मी डिस्टिंक्ट लावलं, ते हुबेहूब सारख्या ओळी गाळतं. फरक शून्य, कारण क्रमाची तारीखही सिलेक्टमध्ये, म्हणजे मागवलेल्या रकान्यांत, जाते, आणि तारखा वेगळ्या म्हणून ओळी वेगळ्या. अर्धा दिवस गेला. क्वेरीसेटची क्वेरी प्रिंट करून एसक्यूएल (जँगो डेटाबेसला विचारतो तो प्रश्न) वाचलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. इलाज असा: अ‍ॅनोटेटमध्ये (ओळीला जादा रकाना जोडणारी आज्ञा) मॅक्स घेऊन प्रत्येक पुस्तकाची शेवटची तारीख काढायची आणि क्रम तिच्यावर लावायचा.

(क्रमासाठी जॉइन झाला म्हणून लेखकाची माहिती सोबत येत नाही. ती एकदमच आणणारं सिलेक्ट-रिलेटेड वेगळं लावा, नाहीतर लेखकाचं नाव दाखवताना ओळीगणिक नवी क्वेरी जाते. नोकरीच्या एका मुलाखतीत मला हेच विचारलं.)

डेटाबेस लॅपटॉपवर एसक्यूलाइट होता, सर्व्हरवर पोस्टग्रेस. सर्व्हरवर मात्र कधीच कोणी न नेलेली पुस्तकं सगळ्यात वर! त्यांची तारीख नल, म्हणजे रिकामी. एसक्यूलाइट नलला सर्वांत लहान मानतं, पोस्टग्रेस सर्वांत मोठं, आणि उलट्या क्रमात मोठं ते वर. एफ एक्स्प्रेशनच्या (रकान्याचा नावाने उल्लेख) डेस्कमध्ये, म्हणजे उलट्या क्रमाच्या आज्ञेत, नल्स-लास्ट ट्रू दिलं आणि ती खाली गेली, जँगो 1.11 पासून ही सोय आहे.

काकांना दुरुस्ती दाखवली तर म्हणाले, "ती वरची यादी कुठे गेली? जुनी पुस्तकं बाद करायला तीच तर हवी होती." मग नल्स-फर्स्टचं वेगळं बटण केलं.