पावसाळ्यानंतर पद्मिनीचे आयडलिंग लावताना

पावसाळाभर पडवीत झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी गणपतीच्या सुमारास बाहेर काढली, की ती सुरू होते खरी, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच आचके देऊन बंद पडते; म्हणजे तिचे आयडलिंग, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे मंद चालत राहणे, बिघडलेले असते. लगेच कार्ब्युरेटरचे, म्हणजे हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे, स्क्रू पिळायला घेऊ नयेत. कोकणातल्या दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपणात आतून बाष्प धरते आणि टाकीतले इथेनॉलमिश्रित पेट्रोलही ओलावा शोषून घेते. म्हणून आधी टोपण पुसावे, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे विजेचे संपर्क) व प्लग साफ करून त्यांची गॅप तपासावी आणि फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या कप्प्यात) साचलेले पाणी काढून टाकावे. इंजिन चालू असताना, पंख्यापासून दूर राहून, रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या बुडाशी फिरवावे. तिथे ‘सूं’ असा आवाज आला, तर सांध्यातून हवा आत शिरते आहे; मग तिथले गॅस्केट (सांध्यातली चकती) बदलल्याशिवाय पुढचे सारे श्रम व्यर्थ आहेत.

मग गाडी चालवून इंजिन पुरते तापवावे आणि मोकळ्या अंगणात न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. बंद पडवीत हे काम करूच नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चोक पूर्ण बंद आणि एअर फिल्टर जागेवर असावा.

सोलेक्स कार्ब्युरेटरला दोन स्क्रू असतात: थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची झडप) किती उघडा राहील हे ठरवणारा स्लो स्क्रू आणि त्याखेरीज आयडलिंगच्या मिश्रणातले पेट्रोल कमीजास्त करणारा मिक्श्चर स्क्रू. मिक्श्चर स्क्रू, इंजिन बंद ठेवून, हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा व साधारण दीड फेरा बाहेर काढावा; तो जोराने आवळल्यास त्याच्या टोकाला गोल खाच पडते आणि मग तो कधीच नीट लागत नाही. इंजिन सुरू करून तो थोडा थोडा आत घ्यावा, इंजिन अडखळू लागले की बाहेर काढत जावे आणि ज्या जागी ते सर्वांत वेगाने व एकसारखे चालते तिथे थांबावे. वाढलेला वेग स्लो स्क्रूने मिनिटाला सुमारे 800 फेऱ्यांवर आणावा व दोन्ही कृती पुन्हा एकदा कराव्यात. मिक्श्चर स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर पायलट जेट (आयडलिंगचे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग) तुंबलेला असण्याची दाट शक्यता असते. तो हवेने फुंकावा, तार घालू नये.

किनाऱ्यावर लावलेले मिश्रण आंबोलीच्या विरळ हवेत किंचित रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते, तेवढ्यासाठी घाटमाथ्यावर स्क्रूंना हात लावू नये.