घरात शुगरची मशीन आहे? मग या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या आबांची शुगर ३४० आली. पडवीत बसून हापूस चोखला होता, बोटं लुंगीला पुसली आणि तेच बोट टोचलं. आई घाबरून इन्सुलिन वाढवणार इतक्यात शेजारची नर्सताई आली, तिने साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करून परत टोचलं तर १६२! रस बोटावर होता हो. वाढीव डोस गेला असता तर आबांची शुगर एकदम खाली गेली असती, अजून अंगावर काटा येतो.

म्हणून आधी हात धुवा आणि नीट पुसा, ओल्या बोटाने थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. माणूस ठणठणीत आणि आकडा भलताच असेल तर डोस बदलायच्या आधी परत तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. पण घाम, थरथर, चक्कर असेल आणि शुद्ध असेल तर आधी साखर द्या, मशीन नंतर.

दुसरं म्हणजे स्ट्रिपची डबी, म्हणजे मशीनमध्ये घालून रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांची डबी. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तिथे उघडी डबी काय टिकणार, स्ट्रिपवरचं साखर ओळखणारं एन्झाइम ओलाव्याने आणि उन्हाने खराब होतं. एक काढली की लगेच झाकण लावा, फ्रिजमध्ये ठेवू नका, उघडल्याची तारीख पेनाने लिहा, बऱ्याच कंपन्यांच्या स्ट्रिप उघडल्यावर ३ महिनेच चालतात, डबीवर असतं ते.

सगळ्यात जीवघेणी चूक सिरिंजची. गावात मिळणारी इन्सुलिनची बाटली बहुतेक ४० युनिटची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि गणपतीला येताना मुलगा मुंबईहून इन्सुलिनच्या पेनातलं आणतो ते १०० चं, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल टोपीच्या म्हणजे ४० च्या सिरिंजने ओढलं तर १० च्या खुणेला २५ युनिट जातात, अडीचपट! १०० ची सिरिंज केशरी टोपीची असते. पेनातून सिरिंजने ओढूच नका, नवीन पेन आणा.

घरातल्या बाकीच्या मशीनचंही सांगते: बीपीचा पट्टा जाड दंडाला तोकडा पडला तर बीपी जास्त दाखवतं, आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा.

एवढं करूनही मशीनच चुकतंय वाटलं तर फेकू नका. मशीन, स्ट्रिपची डबी, बॅच नंबर, बिल सगळं ठेवा आणि कळवा, अशा उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून सरकारचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, टोल फ्री १८००-१८०-३०२४. पेशंटचे घरचेसुद्धा कळवू शकतात, डॉक्टरच पाहिजे असं काही नाही.