शिंपली, सडा आणि पोर्सेलिन: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मराठीत ‘चिनी माती’ म्हटलं की लोणच्याची बरणी, चहाचा कप आणि हात धुवायचं बेसिन असं सगळंच त्या एका शब्दात येतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. वर तपकिरी आणि खाली पिवळट अशी ती जुनी बरणी म्हणजे स्टोनवेअर. पोर्सेलिन वेगळं. ते पांढरं असतं, काचेसारखं घट्ट भाजलेलं असतं आणि भिंत पातळ ओढली तर पलीकडच्या बोटांची सावली तिच्यातून दिसते. निम्मं केओलिन ही पांढरी माती, पाव भाग फेल्डस्पार आणि पाव भाग क्वार्ट्झ ही खनिजं, हा त्याचा जुना, ढोबळ हिशेब. केओलिन हे नाव चीनमधल्या चिंगदचनजवळच्या काओलिंग टेकडीवरून आलं. भट्टीत फेल्डस्पार वितळतो, त्याची काच होते आणि उजेड आरपार जातो तो या काचेमुळे.

मी १६ वर्षं मातीत काम करते आहे, त्यातली शेवटची ९ फक्त पोर्सेलिनमध्ये. स्टुडिओ पुण्याजवळ, गाव रत्नागिरीकडे. भांड्यांचे आकार बहुतेक गावाकडून येतात आणि घडतात पुण्यात.

सुरुवात पोर्सेलिनने करू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. काहींना ते आवडत नाही, तरी सांगते. केओलिनचे कण जाड, त्यामुळे माती फारशी चिवट नसते. चाकावर पाणी थोडं जास्त झालं की भिंत बसते, आणि कमी झालं की फाटते. स्टोनवेअरमध्ये जी चूक खपून जाते ती इथे भट्टीतून बाहेर येताना दिसतेच. निदान दीड-दोन वर्षं स्टोनवेअरवर हात बसू द्या. शिकण्यासाठी अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेमध्ये सिरॅमिकचा रीतसर अभ्यासक्रम आहे. पुद्दुचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकलेल्यांचे स्टुडिओ आज देशभर आहेत. पदवी नको असेल तर अशा एखाद्या चालत्या स्टुडिओत वर्षभर माती मळा, भट्टी भरा, फळ्या पुसा. मी तसंच शिकले.

आता मातीविषयी. मातीला आठवण असते असं या कामातली माणसं म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी ११ वाट्या चाकावरून हातानेच उचलल्या. उचलताना त्या किंचित लंबगोल झाल्या, म्हणून लगेच काठ दाबून गोल केल्या. सुकल्या तेव्हा गोल होत्या, बिस्कमधूनही, म्हणजे ग्लेझच्या आधीच्या पहिल्या भाजणीतूनही, गोल आल्या. मोठ्या भट्टीतून बाहेर आल्या त्या मात्र लंबगोल, अकराच्या अकरा. चाकावरचे कण ज्या वळणाने बसतात ते वळण १२०० अंशांच्या पुढे, माती मऊ पडली की परत वर येतं. तेव्हापासून मी प्रत्येक भांडं बॅटवरच, म्हणजे चाकावर बसवायच्या सुट्या चकतीवर, घडवते. खालून तार फिरवते आणि लेदर हार्ड, म्हणजे चामड्याइतकं घट्ट, होईपर्यंत हात लावत नाही. बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखा तडा जातो त्याचंही मूळ तिथेच असतं. तळ लाकडी पट्टीने मध्यापर्यंत नीट दाबला नाही तर तिथले कण सैल राहतात.

आकसण्याचा हिशेब कागदावर करा. माझी माती ओल्यापासून भाजेपर्यंत १४ टक्के आकसते. तुमची किती आकसते ते पाहायला मातीच्या ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि भाजल्यावर मोजा. माझी ८.६ भरते. नवीन मुलं इथे हमखास चुकतात. तयार भांडं १५ सेंटिमीटर हवं म्हणून १५ मध्ये १४ टक्के मिळवतात आणि १७.१ चं घडवतात. ते १४.७ वर येतं. १५ ला ०.८६ ने भागायचं, म्हणजे १७.४. आणि आकसणं तिन्ही दिशांनी होतं. ओला असताना ३०० मिलिलिटर मावेल असा पेला भाजल्यावर जेमतेम १९० मिलिलिटरचा होतो. ग्राहकाने चहाचा पेला मागितला असेल तर हा आकडा तोंडपाठ हवा.

सुकवणं ऋतूवर अवलंबून असतं. पुण्यात एप्रिलमध्ये पातळ काठ अर्ध्या-पाऊण तासात पांढरा पडतो आणि बूड ओलंच राहतं. मग काठ आकसतो, बूड आकसत नाही आणि मधे तडा जातो. काठावर पातळ प्लॅस्टिक लपेटून ठेवा, काठ उभा राहण्याइतका घट्ट झाला की भांडं पालथं घाला. जुलैमध्ये तेच काम आठवडाभर चालतं. मी पातळ कामं मुद्दाम पावसाळ्यात घेते.

निसर्गावरून भांडी करायची आहेत असं म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पानाचा ठसा दाखवतात. पहिली तीन वर्षं मीही तेच केलं. सागाचं पान, जास्वंदीचं पान मातीच्या पट्टीवर दाबायचं, पट्टी वाटीसारखी वळवायची. ती विकली गेली आणि लोकांना आवडलीही. पण ठसा काढला तर खाली उरणारी वाटी कोणाचीही असू शकली असती.

एका मे महिन्यात ओहोटीच्या वेळी मी खडकांवर फिरत होते. खडकाला चिकटून राहणारी, टोपीसारखी एक छोटी शिंपली असते. तिची रिकामी कवचं कातळाच्या खळग्यांत पडलेली सापडतात. तसं एक कवच उन्हात धरलं. माथ्यापासून कडेपर्यंत उभ्या कण्या, म्हणजे उंचावलेल्या रेघा, गेलेल्या. दोन कण्यांमधली भिंत इतकी पातळ की बोट दिसत होतं. कड नागमोडी. यांतल्या काही जातींत शिंपली एकाच जागी बसून वाढते आणि तिची कड त्या खडकाच्या उंचसखलपणाला जुळत जाते. मला वर्षभर छळणारा प्रश्न या कवचाने कधीच सोडवलेला होता. रुंद तोंडाची पातळ वाटी भट्टीत का खचते? तिच्या भिंतीला उभा आधार नसतो म्हणून. छपराच्या पत्र्याला नागमोडी वळणं जो आधार देतात तोच शिंपलीला कण्या देतात.

पुण्याला परतल्यावर वाटीच्या आतून बांबूच्या पट्टीने २४ कण्या उठवल्या. मधली भिंत ओली असताना साधारण दोन मिलिमीटर, कणीवर चार. पहिल्या भट्टीत सहांपैकी चार उभ्या राहिल्या. काठ मी सरळ कापला नाही, कणी जिथे संपली तिथे तो वर गेला आणि मधे खाली आला. त्या दिवसापासून मी ठसे घेणं थांबवलं.

म्हणून नव्या मुलांना मी आधी चित्र काढायला लावते, फोटो नाही. फोटोत वस्तू दिसते, पण ती कशी उभी आहे हे कळत नाही. कवच मधोमध कापून पाहा. भिंत कुठे जाड, कुठे पातळ? वाढ कुठून सुरू झाली? पाणी कुठून आत येतं? समुद्री अर्चिन या गोल, काटेरी समुद्री जिवाचं कवच घ्या. पाच दुहेरी पट्ट्यांत बारीक भोकं असतात, त्यांतून त्याचे पाय बाहेर येत. मी लेदर हार्ड वाटीला तशाच पाच पट्ट्यांत भोकं पाडली आणि वर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा लेप, भरलं. भाजल्यावर भोकं बंद होतात आणि तिथे उजेडाचे थेंब दिसतात. चीनमध्ये तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी याच पद्धतीने करतात. किनाऱ्यावरून फक्त रिकामी कवचं उचला, जिवंत काही खडकावरून ओढू नका.

सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावरून सुचलेलं, काम अजून चालू आहे. पावसात जांभ्यावर गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांचा जांभळा थर पसरतो. तो जांभळा रंग मला भांड्यावर नको आहे. मला हवा आहे तो लाल कातळातून पांढरं वर येण्याचा क्षण. जांभ्याची माती बारीक चाळून पाण्यात कालवते आणि ग्लेझ नसलेल्या बुडावर पुसते. तिच्यातल्या लोहामुळे बूड तपकिरी-लाल भाजतं, वर भांडं पांढरं राहतं. त्याच लोहाचा एक-दोन टक्के अंश ग्लेझमध्ये घालून गॅसच्या भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून भाजलं तर सेलाडॉन या ग्लेझचा निळसर हिरवा रंग येतो. माझी भट्टी विजेची, त्यामुळे तो मला मिळत नाही.

भट्टीचं थोडक्यात सांगते. बिस्क १००० अंशांवर. ५७३ अंशांजवळ क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, म्हणून चढताना आणि उतरताना तिथे घाई नको. ग्लेझची भट्टी मी १२८० पर्यंत नेते आणि आकड्यापेक्षा आत ठेवलेल्या कोनवर, म्हणजे ठरावीक तापाला वाकणाऱ्या छोट्या सुळक्यावर, विश्वास ठेवते. पोर्सेलिन फळीला चिकटतं आणि उचलताना बुडाचा टवका निघतो, त्यासाठी फळीच्या लेपात अॅल्युमिना घाला. काठ वाकू नये म्हणून चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या डिंग भांड्यांची युक्ती अभ्यासण्यासारखी आहे. तिथले कुंभार त्या वाट्या पालथ्या घालून भाजत. काठावर ग्लेझ नसे, तो उघडा काठ नंतर धातूच्या पट्टीने मढवत. प्रत्येक भांड्याला नंबर द्या. वहीत ओलं वजन, भिंतीची जाडी आणि भट्टीतली जागा लिहा. माझ्या भट्टीचा मागचा डावा कोपरा जास्त तापतो, हे मला वहीने सांगितलं.

आणि धूळ. सुक्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचते, तिच्यापासून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. स्टुडिओत झाडू वापरू नका, ओल्या फडक्याने पुसा. घासकाम ओलं असतानाच करा. कोरडं करावंच लागलं तर चांगला मास्क लावून उघड्यावर करा. कोणी हसलं तरी हे सोडू नका.

प्रदर्शनाआधी जुनी पोर्सेलिन डोळ्यांखालून घाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेल्या संग्रहात चिनी आणि जपानी भांडी आहेत. आज आपल्याकडे कोण काय करतं आहे ते पाहायला इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले या मोठ्या प्रदर्शनासारखं ठिकाण नाही. त्याची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात झाली. नावाजलेल्या दालनात तारीख मिळायला फार वाट पाहावी लागते. तोवर चार-पाच जणांनी मिळून छोटं प्रदर्शन भरवा.

माझ्या पहिल्या स्वतंत्र प्रदर्शनात ३१ भांडी मांडली होती, त्यासाठी ७० च्या वर घडवली होती. दालनाचे दिवे छतातून सरळ खाली पडणारे होते. वर्षभर ज्या पातळपणासाठी झटले तो दिसेचना, भांडी प्लॅस्टरची वाटत होती. दुसऱ्या दिवशी घरून टेबललँप नेले आणि अर्ध्या भांड्यांना बाजूने, थोडा खालून उजेड दिला. आता मी जागा ठरवण्याआधी एक वाटी पिशवीत घेऊन जाते आणि तिथल्या दिव्याखाली धरून पाहते. मांडणीची उंची अशी ठेवा की वाटीचा आतला भाग उभ्या माणसाला दिसेल. एक भांडं हातात घ्यायला मोकळं ठेवा. हातात घेतल्याशिवाय पोर्सेलिनचं वजन कळत नाही, आणि ते कळल्यावर किमतीबद्दलचा प्रश्न बराच सौम्य होतो.

किंमत लावताना फुटलेल्यांचा खर्चही धरा. निम्मीच भांडी टिकत असतील तर एका भांड्यामागे दोन भांड्यांची माती, वीज आणि वेळ गेलेला असतो. दालनं माझ्या अनुभवात एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत वाटा घेतात. तो धरूनच आकडा ठरवा आणि स्टुडिओतही तोच सांगा. घरी येऊन घेणाऱ्याला स्वस्त दिलंत तर दालन पुन्हा बोलावणार नाही.

राहिलं बांधणं. पेटीत पेटी, दोन्हींमध्ये चारही बाजूंनी पाच सेंटिमीटरची गादी. भांड्याच्या आत कागद भरायचा तो सैल. त्या पहिल्या प्रदर्शनातली कण्यांची एक वाटी मी आतून कागद ठासून भरला होता म्हणून प्रवासात काठापासून तडकली. ज्यांनी ती घेतली होती त्यांना मी दुसरी करून पाठवली, पाचव्या प्रयत्नात जमलेली. तडकलेली माझ्या टेबलावर आहे, त्या शिंपलीशेजारी. नवीन कोणी आलं की आधी ती हातात देते आणि कण्या मोजायला सांगते.