‘मनी’चं कव्हर करताय? आधी क्लिकचं बघा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘मनी’ हे गाणं स्वतः वाजवून घरी रेकॉर्ड करायला घेतलंत, तर गिटार सोलोची धास्ती घेऊ नका. तो घासून घासून बसतो. गाडं अडतं ते क्लिकपाशी, म्हणजे ताल धरायला कानात वाजणाऱ्या टकटकीपाशी.

गाणं सात मात्रांचं आहे, हे तुम्हाला माहीतच असेल. सॅक्सोफोनचा सोलो सातातच. गिटारचा सोलो चारात जातो, शेवटच्या कडव्याला परत सात, आणि गाणं विरत जातं ते पुन्हा चारात. मग आपण काय करतो? रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट मिनिटाला १२० मात्रांवर लावतो, मार्कर टाकतो आणि त्या क्लिकवर एकेक वाद्य चढवत जातो. सगळं काट्यावर बसतं, पण गाणं मेलेलं वाटतं. ड्रमरला बोल लावतो, अँप बदलतो, प्लगइन विकत घेतो. अशी एक ‘अचूक’ आवृत्ती माझ्या हार्डडिस्कवर अजून पडून आहे.

याचं कारण मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहे. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे आवाज घेऊन, टेपचे तुकडे मापाने कापून बँडचा बासिस्ट रॉजर वॉटर्सने सात मात्रांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा टेपचा तुकडा, केला होता. अ‍ॅबी रोड स्टुडिओत बँडने त्या लूपवर वाजवायला सुरुवात केली, पण गायन सुरू होण्याआधी इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सने तो हळूहळू खाली आणला. तिथून पुढे चौघे एकमेकांना ऐकत वाजवतात आणि लय चढत जाते. दुसऱ्या कडव्यानंतर लूप क्षणभर वर येतो आणि तालात बसतो, तोही योगायोगाने. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधलं हे गाणं एका टेम्पोत नाहीच. तुम्ही त्याला एका टेम्पोत कोंबताय.

म्हणून क्लिक फक्त लूपपुरता ठेवा. पुढे ड्रम्स आणि बेस एकत्र घ्या, एका खोलीत, एका टेकमध्ये. ड्रम्सला माइक कमी पडले तरी चालतील. एकटेच असाल तर मूळ गाणं प्रोजेक्टमध्ये आणा आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर टेम्पो मार्कर टाका. काम कंटाळवाणं आहे, संध्याकाळ जाईल. मार्कर अगदी काटेकोर टाकलेत तर क्लिक उचक्या देतो. चार-चार आवर्तनांची सरासरी पुरते. प्रोजेक्ट चार-चारवर, म्हणजे चार मात्रांच्या मापावर, तसाच राहिला नाही ना, तेही बघा. चार आवर्तनं सातची म्हणजे २८ मात्रा, आणि सात आवर्तनं चारची म्हणजेही २८. त्यामुळे अधूनमधून सगळं जुळल्यासारखं दिसतं आणि चूक लपते.

क्वांटाइझला, म्हणजे नोट्स आपोआप समान खुणांच्या ग्रिडवर ओढणाऱ्या सोयीला, हात लावू नका. रिफची, म्हणजे सतत फिरणाऱ्या बेसच्या तुकड्याची, दुसरी मात्रा दोन असमान भागांत तुटते, लांब आणि आखूड. ती सरळ ग्रिडवर ओढलीत की झुलणं संपलं. ‘सात मोजू नकोस, फील कर’ म्हणणारे गुरुजी भेटतील. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. आधी मोजायचं, मोठ्याने. तबला शिकलेल्यांना सात मात्रांच्या रूपक तालाची आठवण येईल, येऊ द्या, पण रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (हलकी, न ठोकलेली मात्रा) असते. इथे पहिली मात्रा ठोकून वाजते.

गिटारसाठी एक सांगतो. सोलोच्या मधल्या फेरीत बँडचा गिटारिस्ट गिलमोरच्या गिटारचा आवाज एकदम कोरडा होतो, बँडही आवरतं घेतो. तिथे रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) खरोखर बंद करा. उघडं पडल्यासारखं वाटेल, पण पुढच्या फेरीचा दणका त्यातूनच येतो.

लूप मूळ गाण्यातून उचलू नका. ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या मालकीचं आहे, आणि कव्हर म्हटल्याने ते तुमचं होत नाही. स्टीलच्या वाटीत नाणी टाका, जुनी पावती फाडा, फोनवर घ्या. १२० ला सात मात्रा म्हणजे साडेतीन सेकंद, एवढंच तर करायचंय. महागडा माइक लागत नाही.

यूट्यूबवर टाकल्यावर कॉपीराइटचा क्लेम आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातील. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवरची कारवाई) नव्हे. प्रती काढून विकायच्या असतील तर मात्र कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी आधी वाचा: पूर्वसूचना, आगाऊ रॉयल्टी, आणि तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींची.